फ्लॅटमधला संसार आणि गटाचं कर्ज

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नाच्या याद्या सुरू होतात. हल्ली या यादीला एक नवं पान जोडलेलं असतं. मुलगा चाकणला नाहीतर रांजणगावला कंपनीत असतो, त्याने तिथे भाड्याचा छोटा फ्लॅट बघून ठेवलेला असतो, आणि त्या फ्लॅटमध्ये काय काय लागेल ते मुलीच्या घरी कळवलं जातं. फ्रिज, कपड्यांचं मशीन, दिवाण, टीव्ही. मग मुलीची आई गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज घेऊन येते. कारण लिहिलेलं असतं, ‘संसारोपयोगी सामान’.

असे अर्ज वाढायला लागले, तेव्हा आम्ही गटातल्या बायांनी बसून याचा नीट हिशोब मांडला. तोच आज सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलू. लग्नासाठी म्हणून सामान मागणं हा हुंडाच आहे, मग ते रोख असो नाहीतर फ्रिज असो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे आणि त्यात नुसती मागणी करणं हासुद्धा गुन्हा आहे. आईबापांनी आपखुशीने लेकीला चार भांडी दिली तर गोष्ट वेगळी. त्याचीही यादी करून दोन्हीकडच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. आणि मागणीच्या सामानासाठी गटाने कर्ज द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. वाईटपणा येतो, पण तो गटावर आला तर त्या आईवर येत नाही. ‘गट देत नाही हो’ एवढं तिला सांगता येतं.

आता हिशोब. फ्लॅटचा पहिला खर्च डोळ्यांना दिसतच नाही. समजा भाडं ८,००० आहे. मालकाने तीन महिन्यांची अनामत मागितली तर २४,००० झाले. दलालाने एका महिन्याचं भाडं घेतलं, ८,०००. पहिल्या महिन्याचं भाडं ८,०००. झाले ४०,०००, आणि घरात अजून एक पळी आलेली नाही! म्हणून सामानाच्या आधी हा आकडा लिहायचा. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अनामत किती दिली आणि ती केव्हा परत मिळणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी बोललेलं घर सोडताना कुणाला आठवत नाही.

सामानाची यादी आम्ही दिवसांवर लावतो. पहिल्या रात्री काय नसलं तर अडेल? पाणी, चूल, अंथरूण, दिवा, झाडू. पाण्याला पहिला मान, कारण फ्लॅट म्हणजे चोवीस तास नळ असं मुळीच नाही. कित्येक इमारतींत पाणी ठरल्या वेळी येतं. झाकणाचं पिंप, दोन बादल्या, तांब्या आणि प्यायच्या पाण्याची कळशी आधी हवी. मग कुकर, तवा, परात, पोळपाट-लाटणं, दोन-तीन पातेली झाकण्यांसकट, विळी किंवा सुरी, सांडशी, उलथनं, मिसळणाचा डबा. कुकर नवा घ्याल तर आयएसआयची खूण बघा. दोन माणसांना एवढ्यावर महिना सुखाने निघतो.

बाकीचं महिन्याभराने ठरवायचं. आणि ठरवायचं मुलीने, तिथे राहून. ओटा किती लांब, खिडकी कुठे, मशीनला नळ आहे का, हे इथे बसून आपल्याला काय कळणार? दिवाण जिन्यातून वर जाईना म्हणून वऱ्हांड्यात पडून राहिलेला आम्ही पाहिलाय.

गावाहून काय न्यावं? गोधड्या, लोखंडी तवा, मसाला, तिखट, पापड, शेवया. धान्याचं पूर्ण पोतं मात्र नको. लहान जागेत पोरकिडे झाले की सगळंच जातं. दहा-पंधरा दिवसांपुरतं द्यावं. नाहीतरी एसटीत आपल्याला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, जाता-येता एक पिशवी नेता येते. दुसरं, रेशनकार्डावर मुला-मुलीचं नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर आपल्या वाट्यातलं धान्य तिथल्या रेशन दुकानातून घेता येतं. कार्ड हलवावं लागत नाही.

भांड्यांबद्दल एक सांगायलाच हवं. पुष्कळ मुलं शेगडीऐवजी इंडक्शन घेतात. त्यावर आपली जर्मनची पातेली आणि पितळी भांडी तापतच नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच ते चालतं, आणि बूड सपाट हवं. आहेरात आलेला अॅल्युमिनियमचा अख्खा संच मग माळ्यावर जातो. तेव्हा चूल कुठली ते आधी विचारा, भांडी मागाहून.

गॅस घ्यायचा असेल, तर १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २०२२ मध्ये २,२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची २५०. गॅसचे पैसे वेगळे. कनेक्शन परत करताना ही अनामत मिळते, म्हणून तो कागद डब्यात जपून ठेवा. पत्त्याचा पुरावा नसेल तर ५ किलोचं लहान सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतं. किलोमागे ते महाग पडतं, पण पहिला महिना निघतो.

राहता राहिलं कर्ज. २०,००० घेतले, महिना २ टक्के व्याज, दहा हप्ते. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर एकूण व्याज २,२०० होतं. तेच पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत धरलं तर ४,०००. टक्का तोच, फरक १,८०० रुपयांचा. सावकार, फायनान्स कंपनी किंवा दुकानदार, कुणीही असो, ‘हप्ता किती’ हे विचारू नका. ‘सगळे मिळून किती भरायचे’ हे विचारा. दुकानात ‘बिनव्याजी हप्ते’ लिहिलेलं असतं तिथे फाइलचे पैसे वेगळे घेतात का, आणि रोखीने तीच वस्तू कितीला देतात, तेही विचारा.

आम्ही आता अर्जाच्या मागे तीन ओळी लिहून घेतो: अनामत-भाड्याचे किती, पहिल्या रात्रीच्या सामानाचे किती, आणि हप्ता कोण भरणार. तिसऱ्या ओळीत बहुतेक वेळा आईचंच नाव येतं. मग आम्ही त्या मुलालाच फोन लावतो. कमावतो तो, राहणार तो, फ्रिज उघडणार तो. मागच्या हंगामात दोघा जावयांनी हप्ता स्वतः भरायचं कबूल केलं. एकाने फ्रिजच नको म्हणून सांगितलं.