रात्रपाळीचा कारकून

रत्नागिरींत सार्वजनिक वाचनालय १८२८ सालीं स्थापन झालें; तेव्हां पुस्तकांची नोंद जपण्याचें काम या गांवाला नवें नाहीं. नोंदवही मात्र आतां पुष्कळ ठिकाणीं संगणकांत गेली आहे. त्यासाठीं ‘कोहा’ नांवाची एक प्रणाली विनामूल्य मिळते. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठीं तयार झाली व २००० सालीं वापरांत आली.

अशा एखाद्या कोंकणी वाचनालयाचें उदाहरण घ्यावें. ग्रंथपालानें अशी व्यवस्था केली कीं, रोज रात्रीं दोन वाजतां सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरावी. युनिक्सच्या कुळांतील संगणकांत नेमल्या वेळीं काम करणारा ‘क्रॉन’ नांवाचा नोकर असतो. १९७९ च्या युनिक्समध्यें तो होताच. ग्रंथपालानें दुपारीं स्वतःच्या हातानें आज्ञा देऊन पाहिली, प्रत बिनबोभाट निघाली, आणि तो निश्चिंत झाला. पुढें आषाढांत मूळ डिस्क निकामी झाली. दुसरी उघडून पाहतो तों शेवटची प्रत त्या दुपारचीच!

पहिला संशय विजेवर गेला. कोंकणांत पावसाळ्यांत तो जावयाचाच. यंत्र बंद असेल तर काम हुकतें आणि क्रॉन तें मागाहून भरून काढीत नाहीं, हें खरें. पण रोज रात्रीं नेमके दोनलाच दिवे कसे जातील?

दोष निराळाच होता. दुपारीं आज्ञा दिली ती ग्रंथपालानें, स्वतःच्या नांवानें आणि स्वतःच्या अधिकारानें. रात्रीं तेंच काम दुसऱ्या, मर्यादित अधिकाराच्या खात्याच्या नांवें चाललें. दुसरी डिस्क ग्रंथपालाच्या नांवें उघडलेली. तिच्या दारांतच या कारकुनाला ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर मिळे. युनिक्समध्यें वाचणें, लिहिणें व चालविणें हे तीन अधिकार मालक, त्याचा गट आणि इतरेजन यांना वेगवेगळे दिलेले असतात. फोल्डरच्या बाबतींत तिसऱ्याचा अर्थ आंत जाण्याची मुभा. शेवटच्या खोलीची किल्ली आहे, पण वाटेंतील एक दार बंद, तरीहि काम अडतेंच. म्हणून वाटेंतील प्रत्येक फोल्डर तपासावा लागतो. विंडोजमध्यें आणखी एक खोडा असतो. काम नेमतांना दिलेला पासवर्ड तेथें जपला जातो. मालकानें मागाहून तो बदलला कीं जुना पासवर्ड घेऊन गेलेलें काम परत फिरतें.

नकाराचें उत्तर क्रॉन लपवीत नाहीं, खात्याच्या मालकाला टपालानें कळवितो. परंतु त्या यंत्रावर टपालाची सोयच नसेल तर तें कोण वाचणार? म्हणून आज्ञेचें उत्तर एका फाईलींत लिहवून घ्यावें आणि सकाळीं चहापूर्वी ती पाहावी.

पुष्कळ जण कंटाळून सर्वांनाच सर्व अधिकार देऊन टाकतात. काम होतें खरें, पण ही घराचीं सारीं दारें काढून ठेवण्याची युक्ति झाली. त्या खात्याला प्रतींच्या एकाच फोल्डरांत लिहिण्याचा अधिकार पुरतो. मग त्याच खात्याच्या नांवानें आज्ञा चालवून पाहावी, स्वतःच्या नव्हे.

ग्रंथपालानें पुढें हें सर्व केलें. मधल्या महिन्यांतील देवघेव मात्र त्याला कागदी पावत्यांवरून, एकेक करून, पुन्हा लिहावी लागली.