बोलावल्यावर येतो का?

व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले वैद्यकीय अध्यापक, निवासी डॉक्टर आणि मागच्या रांगा धरून बसलेल्या माझ्या सिस्टर-ब्रदर मंडळींनो, मिरजेत आपणां सर्वांचं मनापासून स्वागत.

बाहेरगावच्या माणसांची सरबराई या गावाला नवी नाही. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथे १८९४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून कोकण, कर्नाटक, गोवा अशा तिन्ही दिशांनी पेशंट मिरज स्टेशनावर उतरत आले आहेत. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संध्याकाळी वेळ काढून सतारमेकर गल्लीत चक्कर मारा, एवढा आग्रह करते आणि मुद्द्यावर येते.

डॉक्टरांच्या परिषदेत स्वागताध्यक्ष म्हणून निवृत्त मेट्रन, हे बऱ्याच जणांना निमंत्रणपत्रिकेवर खटकलं असेल. पण विषय पाहा: शिकाऊ डॉक्टरांचं मूल्यमापन सहकाऱ्यांच्या अभिप्रायातून. सहकारी म्हटलं की आपल्याकडे बरोबरचा डॉक्टरच डोळ्यांपुढे येतो. नाइटला वॉर्डात त्याच्या सोबतीला कोण असतं? एक सिस्टर, फार तर दोन, एक मामा आणि एक मावशी.

सरांच्या राउंडला सगळेच रेसिडेंट चांगले असतात. एप्रन इस्त्रीचा, रिपोर्ट हातात, उत्तरं तोंडपाठ. रात्री दोनला पेशंटचं बीपी खाली गेलं की फरक कळतो. एक जण डोळे चोळत येतो, पेशंटच्या पोटाला हात लावून बघतो, नातेवाइकाशी दोन शब्द बोलतो आणि मग लिहितो. दुसरा फोनवरच ‘सलाइन जोरात सोडा, आलोच’ म्हणतो आणि सकाळी सहाला येऊन केसपेपरवर रात्री दोनची वेळ टाकतो. राउंडला दोन्ही केसपेपर सारखेच दिसतात. टाके घालून झाल्यावर वापरलेली सुई स्वतः पांढऱ्या डब्यात टाकणारा कोण आणि ट्रेमध्ये कापसाखाली ठेवून जाणारा कोण, हे मावशीला पक्कं ठाऊक असतं. कारण ती सुई तिच्याच बोटात घुसते. तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

इंग्लंडमध्ये हे विचारायला लागले. तिथे २००५ मध्ये नव्या डॉक्टरांसाठी दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम सुरू झाला आणि सहकाऱ्यांचा अभिप्राय त्याचा भाग झाला. ‘टॅब’ नावाचा त्यांचा एक फॉर्म आहे. कागद अगदी साधा, चारच गोष्टींचा: पेशंटशी वागणं, बोलणं-सांगणं, टीममध्ये काम करणं आणि जबाबदारी घेणं. त्या चौथ्या गोष्टीत, बोलावल्यावर येतो का, हेही तपासतात. मला तो फॉर्म आवडला तो एवढ्यासाठीच. दहातले किती गुण, अशी भानगड नाही. काळजीचं काही नाही, थोडं आहे की गंभीर आहे, एवढंच सांगायचं. आणि काळजी वाटत असेल तर नेमकं काय घडलं ते लिहायचं. असे किमान दहा जणांचे फॉर्म गोळा करतात. एकट्यादुकट्याच्या मतावर भिस्त ठेवता येत नाही, हे अमेरिकेत १९९३ सालीच पॉल रॅमसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. त्यांच्या हिशेबानं साधारण अकरा सहकारी लागतात.

टॅबच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आपण नीट ऐकावी. बरोबरीचे डॉक्टर काळजीची खूण क्वचित करतात. सीनियर नर्स आणि कन्सल्टंट ती जास्त करतात. म्हणजे अभिप्राय देणारी माणसं निवडण्याचं काम रेसिडेंटवरच सोडलं, तर तो रूममेटची नावं देणार. मीही दिली असती.

आता आपल्या घरातलं बोलते. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, सोबत वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारं एटकॉम आलं. पीजीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायला लागलो. कागद वाढले. पण लॉगबुकवर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत सह्या होतात, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. उद्या सहकाऱ्यांच्या अभिप्रायाचे फॉर्मही तसेच भरले गेले, तर त्यापेक्षा ते न आणलेले बरे.

आमच्या बाजूचंही सांगायला हवं. सिस्टर म्हणजे देवमाणूस नव्हे. राजस्थानातून, केरळमधून ऑल इंडिया कोट्यानं आलेला मुलगा पहिले सहा महिने मराठीत अडखळतो, म्हणून तो ‘उर्मट’ ठरतो. मुलगी ठामपणे बोलली की ‘भांडखोर’. आडनावावरून मत ठरवणारेही आपल्यात आहेत. इंग्लंडमध्येसुद्धा युरोपबाहेर पदवी घेतलेल्या डॉक्टरांना सहकाऱ्यांकडून कमी गुण मिळतात, असं २०११ मध्ये तिथल्याच अभ्यासात दिसलं. त्या गुणांत डॉक्टर किती आणि गुण देणाऱ्याचा पूर्वग्रह किती, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून या फॉर्मवर कोणाला नापास करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी गाइडनं त्या मुलाला समोर बसवावं, चहा मागवावा, नावं न सांगता जे लिहिलंय ते वाचून दाखवावं आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं. गंभीर काही असेल तर त्याची चौकशी वेगळी, रीतसर.

नावं झाकण्याबद्दलही बोलायला हवं. वॉर्डात सहाच जणी असतील तर कोणी लिहिलं ते अक्षरावरूनच कळतं. मग पुढच्या नाइटला तो डॉक्टर तिचा फोन उचलेल का? हे फॉर्म विभागाबाहेरच्या माणसाकडे जाऊन एकत्र व्हायला हवेत, टाइप होऊन. आपण त्यासाठी कोणाला नेमणार, हे या दोन दिवसांत ठरावं अशी यजमान म्हणून माझी अपेक्षा आहे.

संयोजकांनी माझा एक हट्ट पुरवला आहे. दुपारी अडीचच्या सत्रात इन्चार्ज सिस्टर, एक ब्रदर, एक मामा आणि एक मावशी व्यासपीठावर बसतील आणि प्राध्यापक मंडळी खाली. पहिला अर्धा तास खालून प्रश्न घेतले जाणार नाहीत. जेवण एक वाजता, मागच्या मांडवात. तांबडा-पांढरा आहे, शाकाहारी पंगत डाव्या हाताला. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करते आणि अध्यक्षांना विनंती करते की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.