जुन्या लोखंडाला किती आग?

खंडेनवमी जवळ आली की कोल्हापुरातल्या जुन्या घरांतलं लोखंड माळ्यावरून खाली येतं. तलवार, पट्टा, भाल्याचं पातं आणि एखाद्या घरी पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. पूजेआधी पुसायला घेतली की लक्षात येतं, घोड्याचं टोक मोडलंय, नळीखालची कडी निखळलीय. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "उद्यमनगरात नेऊ या, दोन टाके मारून देतील." आमच्या मंगळवार पेठेत हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलं आहे. आज बोलायचं आहे ते या दोन टाक्यांविषयी.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. वेल्डिंगबद्दल जे काही कळतं ते मिस्त्र्यांच्या शेजारी स्टुलावर बसून, चहा पीत कळलेलं. पण जुन्या हत्यारांशी आमचं नातं तसं जवळचं. पात्याला धार आणि झिलई देणारे शिकलगार आमच्यातलेच. 'सैकल' म्हणजे झिलई, त्यावरून शिकलगार. या लोकांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो : पाणी. लोखंडाला पाणी द्यायचं, पाणी चढवायचं, पाणी उतरू द्यायचं नाही. आपण माणसाचं पाणी जोखतो ना, तो शब्द लोहाराच्या भात्यापाशी आधी तापलेला असणार, असं मला आपलं वाटतं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "चाचा, आर्गॉन मारू का सीओटू?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न आहे. बंदूक भरलेली आहे का? हसू नका. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू आणि गोळी ठासायची, आणि ती उडवली नाही तर तशीच आत राहायची. माळ्यावर पडलेल्या बंदुकीत जुना बार तसाच असणं हे जगभर आढळलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही मरत नाही, आणि झाळकामाला जेवढी आच लागते त्यापेक्षा पुष्कळ कमी आचेत ती पेटते. लाकडी काठी नळीत अलगद, बुडाला लागेपर्यंत सोडायची आणि तोंडापाशी खूण करायची. तोंडासमोर स्वतः उभं राहायचं नाही. मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघायची. खूण तोंडाशी ठेवल्यावर काठीचं टोक मागच्या कानापर्यंत, म्हणजे रंजक पेटवायच्या भोकापर्यंत, पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे. ते काढायचा खटाटोप घरी करू नका. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला किंवा पोलिसांना कळवा.

आता ही नळी बनली कशी ते पाहू. पुष्कळशा जुन्या देशी नळ्या सळई पोखरून केलेल्या नसत. लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती गुंडाळायची, पांढऱ्या आचेवर आणून ठोकायची, की कडेला कड एकजीव होते. मग आतून तासायची. म्हणजे सबंध नळी हाच मुळी एक लांबलचक सांधा! तोफांमध्येही दोन्ही जाती दिसतात. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ सालची, ती ओतीव. त्याच विजापुरातली लांडा कसाब मात्र लोखंडी पट्ट्या आणि कडी ठोकून सांधलेली. या घडीव लोखंडात मळीचे बारीक धागे राहून गेलेले असतात. आजच्या विजेच्या वेल्डिंगची आच तिथं लागली की ती मळी वितळून वर येते, सांध्यात बुडबुडे राहतात, कडेला चीर जाते. वरून ग्राइंडर फिरवला की सगळं छान दिसतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. म्हणून नळीला वेल्डिंग नको, कुठल्याच पद्धतीचं नको. जिच्यात कधीकाळी बार उडाला, तिला सांधून पुन्हा बार सोसेल असं समजणाऱ्यानं आपल्या डोळ्यांचा आणि बोटांचा विचार करावा.

नळी सोडून बाकीच्या सुट्या भागांचं काय? घोड्याचं मोडलेलं टोक, चापाखालची कमान, एखादा खिळा. आपला साधा रॉडचा आर्क फाटकाला आणि ट्रॉलीला उत्तम. इथं तो दांडगाई करतो, ठिणग्यांचे डाग पाडतो. सीओटू वेगवान आहे, पण तार सारखी येत राहते आणि बारीक कामावर गोळा साचतो. गॅसची ज्योत तीन हजार अंशांच्या वर आणि पसरट. टोक जोडेपर्यंत आख्खा घोडा लाल होतो, वरची नक्षी बसते आणि असलेलं पाणी उतरतं. आर्गॉन त्यातल्या त्यात समजूतदार. टंगस्टनची टोकदार कांडी, भोवती वायूचं आवरण, वितळतं ते हरभऱ्याएवढं. मिस्त्री हाताचा हलका असेल तर घोड्याच्या टोकाला हीच पद्धत बरी. सुटा भाग आधी लाकडापासून वेगळा केलेला हवा, एवढं पाहा. आणि कमानीची स्प्रिंग मोडली असेल तर ती जोडू नका. ती सांध्याशेजारीच पुन्हा मोडते. नवी करून घ्यावी.

पितळेची झाळ मला मनापासून आवडते. टाकणखार टाकायचा, नऊशे अंशांच्या आसपास पितळ वितळतं आणि फटीत पाण्यासारखं शिरतं. मूळ लोखंड वितळत नाही. जुन्या कारागिरांनीही ती वापरलेली दिसते. पितळातल्या जस्ताचा धूर मात्र छातीत घ्यायचा नाही. चांदीची झाळ याहून कमी आचेत होते. गुजरीतल्या सोनारांचा हात त्यात बसलेला आहे, पण बंदुकीचं नाव काढताच तो "नको बाबा" म्हणतो.

कथिल-शिशाचा डाग तर १८३ अंशांना वितळतो. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी पुष्कळदा अशाच नरम डागानं धरलेल्या असतात. तिथं कुणी जोरकस वेल्डिंग केलं तर एक कडी बसते आणि सबंध पट्टी सुटते.

हेच मी पट्टा खेळणाऱ्या पोरांनाही सांगतो. मोडलेलं पातं जोडून भिंतीवर लावा, खेळात नेऊ नका. कडक पोलाद सांध्याच्या कडेला काचेसारखं ठिसूळ होतं आणि फिरत्या पट्ट्याचा तुकडा कुणाच्या दिशेनं जाईल हे वस्तादालाही सांगता येत नाही. पात्यावर जौहर, म्हणजे पोलादातली ती पाण्यासारखी लहर असेल, तर ती लाल आचेत पुसली जाते. कुठला पॉलिश करणारा ती परत आणू शकत नाही.

आता कायदा, थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणजे वेल्डिंगवाला कितीही हुशार असला तरी त्याच्यापुढं बंदूक ठेवणं म्हणजे त्यालाही गोत्यात आणणं. पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या, नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. 'दुरुस्त करूनही' या दोन शब्दांवर माझा हात थबकला. नादुरुस्त आहे म्हणून मोकळी, असं नव्हे. ती दुरुस्त होऊ शकत असेल तर कायद्याला ती बंदूकच आहे, मग भिंतीवर हार घालून ठेवा नाहीतर देव्हाऱ्यात. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. तेव्हा आधी पोलीस ठाण्यात कागद दाखवा, परवान्याचा प्रश्न मिटवा, आणि काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदाही लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही.

एवढं करून काम झालंच, तर दुरुस्तीवाल्याला दोन गोष्टी बजावा. गंजाचा तपकिरी थर बफ मारून उडवायचा नाही, तेलात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचा. आणि मोडलेला मूळ तुकडा टाकून द्यायचा नाही. तो एका पुरचुंडीत बांधून, त्यात काय जोडलं, कशानं जोडलं आणि कुठल्या साली, याची चिठ्ठी घालून बंदुकीसोबत ठेवा.