उतरायचे कुठे?



शताब्दीसाठी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची यादी करताना आमच्या समितीत पहिला प्रश्न निघाला तो हॉटेलचा. समुद्रकाठचे घ्यावे की पोर्ट लुईमधले? न्याहारीसह की नुसती खोली? तासभर चर्चा झाली. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आपल्या माणसांना कोणी विचारलं होतं का, कुठे उतरणार म्हणून?"

विसाव्या शतकाच्या आरंभी पैसेवाल्या प्रवाशाला निवड होती. हिंदुस्थानात हिंडणारे गोरे प्रवासी मरेचे हँडबुक पाहून हॉटेल ठरवत आणि तार करून खोली राखून ठेवत. मुंबईत 16 डिसेंबर 1903 रोजी ताजमहाल हॉटेल उघडले. मराठी मध्यमवर्गीय क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. लोकमान्य टिळकांचे देहावसान 1 ऑगस्ट 1920 रोजी तिथेच झाले. गरिबाला धर्मशाळा होती, नाहीतर गिरणगावात गाववाल्यांची खोली.

पण नुसता पैसा पुरत नसे. 1893 साली जोहान्सबर्गच्या एका मोठ्या हॉटेलात बॅरिस्टर गांधींना जागा नाही असे सांगण्यात आले. तेच गांधीजी 1901 साली मुंबईला परतताना आपल्या मॉरिशसमध्ये थांबले, आणि एक रात्र गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांचे पाहुणे झाले.

आपले पूर्वज त्याच मुंबई बंदरातून काही दशके आधी निघाले होते. त्यांचा मुक्काम दुसऱ्यांनी ठरवला. आधी तिकडचा डेपो, मग जहाजाचा तळ, मग कुली घाटाच्या सोळा पायऱ्या. आज आपण त्याला आप्रवासी घाट म्हणतो. तिथे दोन-एक दिवस राहून मळ्यावर रवानगी. करारात महिन्याला 5 रुपये आणि शिधा. करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या कायद्याने सुटलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास बाळगावा लागे. परवानगीवाचून दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर भटक्या म्हणून अटक होई. ज्याला नातलगाकडे मुक्काम करण्याचीही मोकळीक नव्हती, त्याने हॉटेल कसले निवडायचे?

म्हणून आपल्याकडे पाहुण्याला दार उघडण्याला मोल आले. 1898 साली ग्रां बासँच्या तळ्याकडे पहिले यात्रेकरू पायी निघाले. आजही महाशिवरात्रीला वाटेवरची माणसे अनोळखी यात्रेकरूंना पाणी, जेवण आणि विसावा देतात. त्यांची भाषा किंवा गाव कोणी विचारत नाही.

आता खरी अडचण बोलून टाकू. पाहुणे घरी ठेवायला आपण कचरतो ते जागेपायी नव्हे. घरात क्रेओल चालते, मराठी अडखळते, आणि मुंबई-पुण्याच्या माणसांसमोर आपल्याला लाज वाटते. पण "या, बसा, जेवा" एवढी मराठी आपल्या प्रत्येक घरात उरली आहे. पाहुणचाराला तेवढी पुरते. उरलेली त्यांच्याशी बोलता बोलता येईल.

म्हणून समितीने ठरवले आहे: ज्यांना हॉटेल हवे त्यांना हॉटेल. बाकीच्यांसाठी यादी दाराशी ठेवली आहे. ज्यांच्या घरी एक खाट रिकामी असेल, त्यांनी जाताना नाव लिहावे. पहिले नाव त्या आजींचे आहे.