‘करणी’ : एक शब्द, दोन अर्थ



आज एका शब्दाविषयी आपणांशी चार गोष्टी बोलणार आहे. शब्द आपल्या घरातलाच आहे : ‘करणी’.

पेरणे–पेरणी, कापणे–कापणी, मळणे–मळणी, तसेच करणे–करणी. म्हणजे मुळात हा साधा, कामाचा शब्द. ‘देवाची करणी अन् नारळात पाणी’ म्हणताना आपण नवल करतो. ‘जशी करणी तशी भरणी’ यात नीती सांगतो. आत एक नि बाहेर एक असले, की ‘वरकरणी’ म्हणतो. यात भिण्यासारखे काय आहे?

पण हाच शब्द आवाज खाली करून उच्चारला, की त्याचा अर्थ पालटतो. ‘कुणीतरी करणी केली!’ मग तो मूठ, चेटूक, भानामती यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. आणि खरा धोका पुढेच आहे. मळणी म्हटली की मळणारा आला, तसा करणी म्हटली की करणारा हवाच! ‘गाय आटली’ म्हटले तर आपण विचारतो, कशाने? ‘करणी झाली’ म्हटले तर विचारतो, कुणी? प्रश्न बदलला, की बोट माणसाकडे वळते. आणि ते बहुधा ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्याकडेच.

गिरणाकाठी आमच्या गावी, मी लहान असताना, आमचीच गाय एकाएकी दूध देईना. बोट गेले ते गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे. पाणवठ्यावर तिच्याशी कुणी बोलेना. पुढे गुरांच्या डॉक्टरांनी कास दाबून पाहिली, कासदाह निघाला. औषधाने गाय बरी झाली. म्हातारीकडे मात्र ‘आमचे चुकले’ म्हणायला कुणी गेले नाही. मीही गेलो नाही. ते आजही सलते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो त्यांच्या हत्येनंतर, २०१३ च्या डिसेंबरात, विधिमंडळाने संमत केला. त्यात ‘करणी’ हा शब्दच आला आहे. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचे दूध आटवतो, असे सांगून संशय पसरविणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. साप-विंचू चावलेल्यास दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणे, हाही गुन्हाच.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात हा शब्द निघाला तर मुलांना गप्प बसवू नका. फळ्यावर दोन प्रश्न लिहा : ‘कुणी केले?’ आणि ‘कशाने झाले?’ यांतला कोणता आधी विचारायचा, एवढे मुलांना उमगले तरी पुष्कळ झाले.

शब्द आपला आहे, श्रोतेहो. त्याला पुन्हा पेरणी-मळणीच्या पंगतीला बसवू या.