गिरणीच्या दारातली निवड



मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या वर्गात ‘भरती आणि निवड’ हा धडा जाहिरातीपासून सुरू होतो. मग अर्ज, छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत, नेमणूकपत्र. शिकवायला सोपं, परीक्षेत लिहायला त्याहून सोपं. पण दारात उभं राहून कोणाला आत घ्यायचं ते ठरवतो कोण, हे या पायऱ्यांत कुठेच सापडत नाही. ते बघायचं तर परळ-लालबागला जायला हवं, आणि तेही शंभरेक वर्षं मागे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. त्यांना कामावर घेण्याचं काम मालकांनी बहुतांशी जॉबरवर सोपवलं. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. बायकांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. सकाळी कोण आलं नाही ते जॉबर पाही आणि दारात ताटकळणाऱ्यांतून ‘बदली’ उचली. काम मिळायला दस्तुरी, टिकायला पुन्हा दस्तुरी. अडीनडीला कर्ज तोच देई, चाळीतली जागाही कित्येकदा त्याच्याच ओळखीनं मिळे.

एवढं ऐकलं की जॉबर खलनायक वाटतो. मला तो तेवढा सरळ वाटत नाही. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी दाखवलंय की त्याची सत्ता वस्तीतल्या प्रतिष्ठेवर उभी होती. चाळीत नाव खराब झालं की हाताखाली माणसं टिकत नसत. शिवाय कामाची त्याला जाण होती. नवख्याला साच्यावर उभा करून तुटलेला धागा कसा जोडतो, एवढं पाहिलं तरी त्याला अंदाज येई. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली. उमेदवार पुढे कसं काम करील याचा अंदाज कोणती पद्धत किती बरोबर देते, ते त्यांनी मोजलं. १ म्हणजे अचूक अंदाज धरला, तर ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला ०.४२ मिळाले, काम करून दाखवण्याच्या चाचणीला ०.३३, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.१९ आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांना ०.०७. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ असं विचारणाऱ्या साहेबापेक्षा जॉबरची पारख बरी होती, असं म्हणायला हरकत नसावी.

खरी गोम त्या पारखेपर्यंत पोचू कोणाला देत, यात होती. विणताना मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला नको, म्हणून विणाई खात्यात दलितांना प्रवेशच नव्हता. आणि जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. हातात कितीही कसब असो, साच्याजवळच जाऊ दिलं नाही तर चाचणी शास्त्रशुद्ध असून उपयोग काय?

१९३१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावरच्या व्हिटले आयोगाचा अहवाल आला. आयोगावर आपले कामगार पुढारी ना. म. जोशी होते. भरती जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा, असं आयोगानं सांगितलं. १९३५ मध्ये मुंबईत बदली नियंत्रण योजना आली. महिन्याच्या १ तारखेला निवडक लोकांना कार्डं मिळत. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यानं ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. तुमचा आजचा एचआर विभाग याच वंशावळीतला.

या सुधारणा लहान नव्हत्या. दारातल्या मनमानीला कागदाची वेसण बसली. पण आता कार्ड कोणाला द्यायचं, हा प्रश्न उरला. कागदावरही नाव असतंच, आणि आपल्याकडे आडनाव बरंच बोलतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो नावांचा: उच्चवर्णीय, दलित, मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दलित नावांना बोलावणी कमी आली, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. तोपर्यंत मुलाखतीला कोणी बसलंसुद्धा नव्हतं.

आता कंपन्या ‘रेफरल’ मागवतात, ओळखीचा माणूस आणणाऱ्याला बक्षीस देतात. त्यात गैर काहीच नाही असं नाही, आणि सगळंच गैर आहे असंही नाही. आणणारा आपल्या माणसाची हमी घेतो, हा फायदा मोठा आहे. पण माणूस आपल्यासारखाच माणूस आणतो, हे जॉबरच्या काळी जितकं खरं होतं तितकंच आजही आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी एक सूचना. प्रकल्पासाठी कंपनीच्या भरती-धोरणाची प्रत मागू नका, ती सगळीकडे सारखीच मिळेल. चाकणला कंत्राटदारामार्फत लागलेल्या एखाद्या मुलाला गाठा. जागेची खबर कोणाकडून कळली, शब्द कोणी टाकला, कोणाला किती द्यावे लागले आणि गावचे आणखी कितीजण त्याच लाइनवर आहेत, एवढं विचारा. हजेरीपट मिळाला तर तो या उत्तरांशी ताडून पाहा.