चाकाच्या खुर्चीवरून कामावर
(भाषणाचा मजकूर)



अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या चादरी आणि टॉवेल दूरदूर जातात. परंतु छपराचा पत्रा बदलताना एखादा कामगार कोसळतो, किंवा मालमोटारीतून उतरवताना गाठोडे त्याच्या मानेवर येते, तेव्हा पहिली चूक मदतीला धावणाऱ्यांकडूनच होते. दोघेजण त्याला बखोटीला धरून उठवतात व रिक्षात बसवतात. मणका मोडला असेल, तर आतील मज्जारज्जूला याच वेळी अधिक इजा पोहोचते. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून जखमीस सपाट फळीवरून न्यावे, हे प्रत्येक मुकादमास ठाऊक असलेच पाहिजे.

मज्जारज्जू पूर्णपणे निकामी झाल्यावर पायांत शक्ती परत आणील असे खात्रीचे औषध आजही नाही. मग मिळवायचे ते काय? पूर्वी असे रुग्ण बहुधा शय्याव्रणाने किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात 1944 पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचा परिपाठ घातला आणि हातांना काम दिले. 1948 मध्ये तेथे 16 अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचे मूळ ते हेच. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, तेही बाहूंच्याच बळावर.

पदक सर्वांच्या वाट्याला येत नाही. नित्याची साधना मात्र सर्वांना करावी लागते, आणि ती फार कंटाळवाणी असते. खुर्चीच्या हातांवर भार देऊन दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठक उचलायची. संवेदना गेलेली कातडी रोज आरशात तपासायची. इजा मानेपाशी असेल, तर अंगाला घाम येत नाही. सोलापूरच्या वैशाखात पत्र्याच्या शेडखाली अशा माणसाला ओल्या फडक्याचा आधार हवा.

आत्मविश्वासाची गोष्ट निराळी. तो व्यायामापेक्षा कामातून येतो. 1950 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या नसीमा हुरजूक यांच्या पायांतील शक्ती वयाच्या सोळाव्या वर्षी गेली. त्यांना धीर दिला तो त्याच अवस्थेतील बाबूकाका दिवाण यांनी. पुढे त्यांनी नोकरी केली, 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले. संस्थेच्या सिंधुदुर्गातील प्रकल्पात अपंग व्यक्ती काजूप्रक्रियेचे काम करतात.

मग टॉवेलची तपासणी, घडी, शिवण किंवा हिशेब खुर्चीवरून का होऊ नये? कर्मचारी राज्य विमा योजनेतून विमाधारक कामगारास कायम अपंगत्वाचा लाभ मिळतो. जागा मात्र कारखानदारानेच करून द्यावयाची असते. ग्रामपंचायतीही अपंगांसाठी राखलेला निधी पिठाच्या गिरणीच्या पायरीशी उतार करण्यास वापरू शकतील. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण गवंड्याला सांगावे. आखूड उतारावर खुर्ची मागे घसरते.

आणि शौचालयाचे दार रुंद करावे. खुर्ची आत जात नसेल, तर माणूस दिवसभर पाणी पिणेच टाळतो, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा तेथूनच सुरू होतो.